पर्यावरण ड्युटी चार्टवर: छोट्या हॉटेलच्या नव्या मॅनेजरसाठी

'आम्ही निसर्ग जपतो' अशी पाटी रिसेप्शनमागे लावून द्यायला सुताराला अर्धा दिवस पुरतो. एसीचा रिमोट, कचऱ्याची पिशवी, ओला टॉवेल आणि कढईतलं जुनं तेल मात्र रोज रूम बॉय, आचारी, भांड्यांवरच्या मावशी आणि रात्रीचा वॉचमन यांच्या हातातून जातं. या लोकांच्या कामाच्या यादीत, वेळेत आणि पगारात ही गोष्ट शिरली नाही तर पाटीचा उपयोग फोटोपुरताच.

नुकतंच मॅनेजरपद मिळालेल्यांसाठी, किंवा घरच्या वाडीत दहा-पंधरा खोल्या काढून पहिल्यांदाच माणसं कामावर ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक कोकण किनाऱ्यावरची आहेत. महाबळेश्वरात किंवा गोव्यात तपशील बदलतील, रीत फारशी बदलणार नाही.

मनुष्यबळ आणि पर्यावरण यांची सांगड घालण्यावर जगभर बरंच संशोधन झालंय. डग्लस रेनविक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचा आढावा घेतला. त्यांनी ज्या चौकटीत तो मांडला तिच्यातून तीन साधे प्रश्न निघतात: माणसाला ते काम येतं का, ते करावंसं वाटतं का, आणि करायला त्याला वाव आहे का. हॉटेलमालक सगळा जोर पहिल्या दोनांवर लावतात, म्हणजे ट्रेनिंग आणि भाषण. माझ्या पाहण्यात घोडं बहुतेक वेळा तिसऱ्यापाशी अडतं.

पायरी १: आधी मोजा, आणि कोण मोजणार ते ठरवा

पहिला महिना काहीही बदलू नका. चार आकडे लिहून काढा: विजेचे युनिट, पाणी (टँकर किंवा पंप चालल्याचे तास), गॅस सिलिंडर आणि कचऱ्याचं वजन. प्रत्येक आकड्याला त्या महिन्यात भरलेल्या खोल्यांनी भागा. समजा ३,६०० युनिट जळले आणि खोल्या एकूण २४० रात्री भरल्या, तर एका भरलेल्या खोलीमागे रात्रीला १५ युनिट. हा भागाकार केला नाही तर मे महिना कायम उधळ्या दिसेल आणि जुलै कायम काटकसरी, आणि त्यावरून तुम्ही विनाकारण कुणाला तरी बोलाल.

नोंद मॅनेजरने करायची नाही. पंप सुरू करणाऱ्याने पंपाची, आचाऱ्याने सिलिंडरची, हाऊसकीपिंगच्या मुलाने पिशव्यांची. वही हिंदीत भरली, नेपाळीत भरली, काही बिघडत नाही. आकडे कळले म्हणजे झालं.

अन्नाच्या बाबतीत थोडं जास्त खोलात जा, कारण इथे पैसाही जास्त अडकलेला असतो. न्याहारी संपली की दोन बादल्या वजनकाट्यावर ठेवा, एकीत ताटातलं उष्टं, दुसरीत भांड्यात उरलेलं. दोन्ही एकाच बादलीत टाकलं तर काहीच शिकायला मिळत नाही, कारण दोन्हींचं मूळ वेगळं. ताटात पोहे आणि घावणे उरत असतील तर वाढणाऱ्याकडे किंवा ताटाच्या आकाराकडे बघा. भांडंच अर्धं भरलेलं परत येत असेल तर आचाऱ्यावर ओरडण्याआधी फ्रंट ऑफिसला विचारा, की काल रात्री किचनला आकडा दिला होता का? पुष्कळ ठिकाणी आचारी अंदाजाने चाळीस माणसांचं करतो, आणि त्यातले बारा जण पहाटेच डॉल्फिन बघायला बोटीवर गेलेले असतात. हे रिसेप्शनला माहीत असतं, किचनला नसतं. रात्री साडेनऊला रिसेप्शनवाल्याने उद्याच्या न्याहारीचा आकडा किचनच्या फळ्यावर लिहायचा, त्यात मुलं वेगळी, जैन वेगळे, पहाटे निघणारे वेगळे, आणि खाली सही करायची. एवढ्या एका कामाने दुसरी बादली हलकी होते, आणि कुणालाही पर्यावरणावर व्याख्यान द्यावं लागत नाही.

पायरी २: एका टॉवेलचा माग काढा

बाथरूममधली ती चिठ्ठी सगळ्यांनी वाचलेली असते: टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर टांगून ठेवा, धुवायला द्यायचा असेल तर खाली टाका. पाहुण्यांनी ऐकावं म्हणून चिठ्ठीवर काय लिहावं याचा अमेरिकेत रीतसर अभ्यास झालाय. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी २००८ मध्ये छापलेल्या प्रयोगात 'पर्यावरण वाचवा' या मजकुरावर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, आणि 'इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात' असं लिहिल्यावर सुमारे ४४ टक्क्यांनी. म्हणजे चिठ्ठी बदलून फरक पडतो.

पण आता पुढचं बघा. पाहुण्याने टॉवेल नीट टांगला, बाहेर गेला. अकरा वाजता रूम बॉय आला आणि त्याने तो काढून नवा ठेवला. का? त्यालाच विचारा, चहा घेताना विचारा, ऑफिसात बोलावून नव्हे. उत्तरं साधारण अशी येतात. सुपरवायझरच्या तपासणीच्या कागदावर 'नवा टॉवेल' अशी चौकट आहे आणि ती रिकामी राहिली तर बोलणी बसतात. जुना टॉवेल बघून एखाद्या पाहुण्याने तक्रार केली तर मालक पाहुण्याचीच बाजू घेतो. नवा टॉवेल हंसासारखा घडी करून ठेवला की टिप मिळते. शिवाय बाथरूममध्ये खुंटी एकच, तीही दाराआड, त्यामुळे टांगलेला टॉवेल वाळलेलाच नसतो.

यातल्या एकाही कारणाचा 'जागरूकते'शी संबंध नाही. कागदावरची चौकट बदला ('टांगलेला टॉवेल तसाच ठेवला' अशी), दोन खुंट्या मारा, आणि तक्रार आली तर मुलाला बोलणी बसणार नाहीत हे त्याच्यासमोर सुपरवायझरला सांगा. हंस हवाच असेल तर तो पहिल्या दिवशी करा.

असाच माग एसीचा काढा. चेक-इनच्या आधी खोली थंड असावी म्हणून एसी १६ वर लावून तासभर सोडून देण्याची सवय जवळपास सगळीकडे आहे. २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, आणि एकेक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं आहे. खोली थंड करायची वेळ रिसेप्शनने ठरवायची: पाहुण्याचा 'पोचतोय' असा फोन आला की तो पोचायच्या दहा मिनिटं आधी, २४ वर.

पायरी ३: चार्टवर ओळी लिहा

आता ड्युटी चार्ट घ्या. प्रत्येक कामापुढे कोण, कधी, किती वेळात आणि नंतर कोण बघणार, हे चारही लिहा. 'सर्वांनी वीज वाचवावी' ही ओळ चार्टवर नको, कारण सर्वांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

नमुन्यादाखल तीन ओळी. हाऊसकीपिंग, चेकआउटनंतर: ट्रॉलीच्या दोन पिशव्यांत ओला-सुका वेगळा, सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून तिसऱ्या डब्यात; खोलीमागे जादा दोन-तीन मिनिटं. किचन, रात्री बंद करताना: तळणीचं तेल गाळून डब्यात, तारीख लिहून. रात्रपाळीचा वॉचमन, नोव्हेंबर ते मे: दहानंतर समुद्राकडचे दिवे बंद.

पहिल्या ओळीतली ती दोन-तीन मिनिटं हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. एका मुलाला दिवसाला चौदा खोल्या असतील आणि वर वर्गीकरण लादलंत, तर तो दहाव्या खोलीपर्यंत करेल आणि मग सगळं एकाच पिशवीत कोंबेल. तेरा खोल्या करा. मालक कुरकुरेल, त्याला सांगा की कचरा न छाटता दिला तर ग्रामपंचायतीची गाडी तो उचलत नाही, आणि गेटबाहेर पडून राहिलेल्या पिशव्या पाहुण्यांच्या फोटोत येतात. दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा होत असेल तर तुम्ही नियमाच्या भाषेत मोठे कचरा उत्पादक ठरता आणि ओल्या कचऱ्याची व्यवस्था बरीचशी तुमच्याच गळ्यात पडते. छोटी हॉटेलं तिथवर जात नाहीत, पण लग्नाच्या दिवशी वजन करून बघा.

तेलाच्या ओळीमागे कायदा आहे. तळणीच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे अपायकारक घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायला १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. ते गटारात ओतलं तर सेप्टिक टँक बसतो, आणि रस्त्यावरच्या वडेवाल्याला विकलं तर दुसऱ्याच्या पोटात जातं. बायोडिझेलसाठी वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांना देण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने काढलीय. आपल्या भागात कोण उचलतं ते शोधून त्याचा नंबर किचनमध्ये चिकटवा.

वॉचमनची ओळ बघून नवखे मॅनेजर हसतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, आंजर्ले या गावांच्या कासव महोत्सवांमुळे ऑलिव्ह रिडले कासवं आता सगळ्यांना ठाऊक झालीत, पण ती इतर किनाऱ्यांवरही अंडी घालायला येतात. घरट्यातून निघालेलं पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालतं, आणि तुमच्या गार्डनचा फ्लडलाइट समुद्रापेक्षा उजळ असेल तर पिल्लू गार्डनकडे वळतं. वॉचमन बहुतेक वेळा गावातलाच असतो. घरटं दिसलं तर वनखात्याच्या माणसाला कळवायचं, आणि पाहुण्यांना मोबाइलचा टॉर्च मारू द्यायचा नाही, हे दोन्ही अधिकार त्याला स्पष्ट शब्दांत द्या.

पायरी ४: माणसं घेताना

जाहिरातीतच लिहा: 'कचरा वेगळा करणे हा कामाचा भाग आहे.' मागाहून सांगितलं की ते वरचं काम वाटतं.

मुलाखतीत 'तुम्हाला निसर्ग आवडतो का' असं विचारू नका; नाही म्हणणारा अजून जन्मायचाय. प्रसंग द्या. पाहुणा एसी चालू ठेवून जेवायला गेलाय, तुम्ही टॉवेल द्यायला खोलीत शिरलात, काय कराल? बंद करेन, मॅडमना विचारेन, हात लावणार नाही, कुठलंही उत्तर चालेल. तो कारण काय देतो ते ऐका.

स्थानिक माणसं घेण्याचा फायदा फक्त प्रवासखर्चाचा नाही. एप्रिलच्या शेवटी विहिरीचं पाणी कुठवर उतरतं, कुठल्या व्हाळात (ओढ्यात) पूर्वी पाणी टिकायचं, हे वाडीतल्या काकांना माहीत असतं आणि तुमच्या आर्किटेक्टला नसतं. त्यांना फक्त झाडांना पाणी घालायला ठेवलंत तर ते ज्ञान पाइपातून वाहून जातं. पाण्याच्या महिन्याच्या बैठकीत त्यांना बसवा.

शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतील तर अप्रेंटिस योजनेची चौकशी जरूर करा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ती बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक, आणि विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलतं. पण शिकाऊ मुलांना वर्षभर फक्त कचऱ्याच्या डब्यांवर उभं करू नका. ती मुलं गावात जाऊन काय सांगतात यावर तुमची पुढची भरती ठरते.

पायरी ५: शिकवणं

पॉवरपॉइंट नको. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये दहा मिनिटं, आठवड्याला एकच विषय, आणि तो जिथे घडतो तिथेच उभं राहून. नळाचा विषय असेल तर नळाखाली २० लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर. मग नळाच्या तोंडाला धार कमी करणारी जाळी बसवून पुन्हा मोजा. गणित मुलांनाच करू द्या.

केमिकलचा धडा मात्र पहिल्याच दिवशी, कामाला हात लावायच्या आधी. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरीन वायू निघतो, आणि खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. 'जास्त घातलं की जास्त स्वच्छ' ही समजूत काढायला बाटलीच्या झाकणाचं माप ठरवून द्या. लेबल इंग्रजीत असतं, मुलगा ओडिशाचा असतो. तेव्हा बाटल्यांना रंगीत पट्ट्या लावा, लाल आणि निळी एकत्र करायची नाही.

पाहुण्यांशी काय बोलायचं तेही पाठ करून घ्या. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे स्ट्रॉ, कप, प्लेट, चमचे बंद आहेत, महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच बंदी आणि पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड. तरी नारळपाण्यात स्ट्रॉ नाही म्हणून वेटरवर ओरडणारा पाहुणा भेटतोच. 'सर, इथे चालत नाही' हे वाक्य भांडण ओढवून घेतं. 'कागदी आहे, देऊ का, की मलई काढून चमच्याने देऊ?' हे सहसा चालून जातं. आणि पाहुणा तरीही चढला तर मॅनेजरने येऊन वेटरच्या बाजूला उभं राहायचं. हे एकदा घडलं की बाकीचा स्टाफ ते विसरत नाही.

पायरी ६: पैशाचं काय

इथे बरेच जण स्वतःच्या हाताने योजना बुडवतात. बाटल्या, पुठ्ठा, डबे भंगारात विकून येणारा पैसा पूर्वापार हाऊसकीपिंगच्या मुलांचा असतो. कुठे लिहिलेलं नसतं, पण असतो. मालक 'झिरो वेस्ट' जाहीर करतो, भंगारवाल्याशी स्वतः करार करतो, पैसे हॉटेलच्या खात्यात जातात. पंधरा दिवसांत सुका कचरा ओल्यात दिसायला लागतो, आणि मालक म्हणतो, या लोकांना कितीही शिकवा.

भंगाराचा पैसा स्टाफलाच द्या, लेखी द्या. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सगळ्यांसमोर मोजून. भांड्यांवरच्या मावशींचा आणि माळीकाकांचा वाटाही त्यात धरा. पुठ्ठा त्यांच्याही हातातून जातो.

वीज-पाण्याच्या बचतीतला वाटा द्यायचा असेल तर पहिल्या पायरीतला भागाकार वापरा, एकूण बिल नको. बक्षीस पूर्ण पाळीला द्या. 'महिन्याचा हरित कर्मचारी' म्हणून एकाचाच फोटो लावला की बाकीचे हात काढून घेतात. आणि नासधूस झाली म्हणून पगार कापू नका. कापलात तर वहीतले आकडे दुसऱ्या दिवसापासून खोटे यायला लागतील.

पायरी ७: हिरव्या नावाखाली काय करायचं नाही

सेप्टिक टँक किंवा सांडपाण्याच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही. माळी म्हणाला 'मी करतो साहेब', तरी नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय अशी सफाई करून घेणं गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सक्शनची गाडी बोलवा, खर्च आधीच बजेटमध्ये धरा.

बफेचं उरलेलं म्हणजेच स्टाफचं जेवण, हीही पळवाट नको. चांगलं अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण स्टाफला रोजचा स्वतःचा डाळ-भात-भाजीचा स्वयंपाक हवा. त्यावर उरलेलं गोड कुणाला हवं तर घेईल. स्टाफ क्वार्टरमध्ये पंखे बंद करायला लावून वर पाहुण्यांच्या लॉनवर दिवसा दिवे जळत असतील, तर ते सगळ्यांना दिसतं.

पायरी ८: हंगामाशी जुळवून घ्या

कोकणात शिमग्याला आणि गणपतीला निम्मा स्टाफ गावी जातो, आणि जाणारच. रजा नाकारून उपयोग नाही. प्रत्येक चार्टवरच्या ओळीला एक बदली माणूस लिहून ठेवा, आणि जाणाऱ्याने दोन दिवस आधी त्याला सोबत घेऊन काम दाखवायचं असा नियम करा.

पावसाळ्यात बहुतेक जण माणसं सोडून देतात आणि ऑक्टोबरात नवी घेतात. म्हणजे दरवर्षी पहिल्या पायरीपासून सुरुवात. चार महिने पूर्ण पगार परवडत नसेल तर मुख्य चार-पाच माणसं तरी अर्ध्या कामावर टिकवा आणि त्यांच्याकडून गळके नळ, फ्लश, पागोळ्यांचं पाणी टाकीत वळवणं, खतखड्डा, वायरिंग ही कामं काढून घ्या. बाकीच्यांना जाताना परत येण्याची तारीख आणि पगार लिहून द्या. जुना रूम बॉय परत आला की नव्या तिघांना तोच शिकवतो, आणि तुमच्यापेक्षा बरं शिकवतो.

पायरी ९: सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी

विलेपार्ल्याचं विठ्ठल कामतांचं ऑर्किड हे आशियातलं पहिलं इकोटेल प्रमाणित पंचतारांकित हॉटेल म्हणून ओळखलं जातं. इकोटेल म्हणजे हॉटेलांना पर्यावरणासाठी मिळणारं प्रमाणपत्र. त्याच्या कसोट्या पाच: बांधिलकी, घनकचरा, ऊर्जा, पाणी, आणि पाचवी कर्मचाऱ्यांचं पर्यावरण शिक्षण व स्थानिक समाजाचा सहभाग. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचेही शाश्वत पर्यटनाचे निकष आहेत. वीस खोल्यांच्या हॉटेलला लगेच यातलं काही मिळवण्याची गरज नाही. निकष मात्र आत्ताच वाचून काढा, कारण चार्टवर काय राहून गेलं ते त्यांतून फुकट कळतं. अर्ज करायचाच झाला तर निदान एका पूर्ण हंगामाच्या नोंदवह्या हाताशी असू द्या, पंप चालवणाऱ्याच्या आणि आचाऱ्याच्या हस्ताक्षरातल्या, डाग पडलेल्या असल्या तरी. अर्जासाठी त्या नव्याने सुवाच्य अक्षरात उतरवायला बसू नका.